अक्का आणि गावभरच्या हिरड्या

आमच्या अक्का कुणा बाईला भेटल्या की "बरी हायस का" असं विचारत नाहीत. "आ कर" म्हणतात.

बाई पंचेचाळिशीच्या पुढची दिसली की संपलंच. पर्समधून छोटी बॅटरी निघते, रुमालात गुंडाळलेला स्टीलचा चमचा निघतो, आणि काय चाललंय हे कळायच्या आत त्या बाईचा खालचा ओठ बाजूला सरकलेला असतो. पर्समध्ये असे सहा चमचे असतात. एका बाईला एक चमचा, वापरलेले वेगळ्या पिशवीत, घरी गेल्यावर उकळत्या पाण्यात. त्या बाबतीत त्यांना कुणी नावं ठेवू शकत नाही.

"सुजल्यात. घासताना रगत येतंय?"

"येतं कधीमधी."

"पाळी जाऊन किती दिस झाले?"

इथं ती बाई आधी इकडंतिकडं बघते, मग पदर सावरते. आता ही एकतर उठून जाणार किंवा रडणार, अशी वेळ येते. अक्कांना दोन्ही चालतं. "लाजायचं काय त्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून वीसेक वेळा तरी होतं.

अक्का म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. राहायला निलंग्याला, एकट्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे, त्याचा रविवारी फोन येतो. मी लातूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवते. नणंद येणार म्हटलं की भावजयीनं नाक मुरडायचं असतं, तसं मीही पुष्कळ वर्षं मुरडलं. आता खोटं कशाला बोलू.

त्यांची सगळी नोकरी नांदेडला मुलींच्या वसतिगृहात गेली, रेक्टर म्हणून. दर रविवारी सकाळी पोरींना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि नखं, कान, डोक्यातल्या उवा तपासायच्या. अशी तीस वर्षं. रिटायर झाल्यावर बाया भजनाला जातात, नातवंडं सांभाळतात. अक्कांच्या हाताला चैन पडेना. उवांच्या जागी हिरड्या आल्या, एवढाच काय तो बदल. धमकीसुद्धा जुनीच राहिली. साठीच्या बाईला म्हणतात, "खरं सांग. रेक्टरला फसवलंस तर घरी पत्र टाकीन." त्या बाईच्या घरी कोण असतं? नातवंडं. पण अक्कांचा आवाज असा लागतो की बाई घाबरून खरं सांगून टाकते.

हे हिरड्यांचं वेड कुठून आलं, ते सांगते. अक्कांची पाळी गेली तेव्हा त्या नोकरीतच होत्या. तोंडाची आग व्हायची, अंगातून वाफा निघायच्या, पोरींनी रेक्टरबाईंना भर थंडीत माठाला गाल लावून बसलेलं पाहिलंय. ब्रश केला की बेसिन लाल. जो तो म्हणाला, उष्णता झाली. मग सब्जा झाला, गुलकंद झाला, धन्याचं पाणी झालं. दोन दाढा हलायला लागल्या त्या काढूनच टाकल्या. तिसरी हलली तेव्हा नांदेडातच एका हिरड्यांच्या डॉक्टरकडं गेल्या. ती डॉक्टरीण निघाली वसतिगृहातलीच जुनी मुलगी. तिनं तोंड बघितलं आणि विचारलं, "बाई, पाळी कधी गेली तुमची?"

अक्का खुर्चीतून उठल्या. "जिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, ती मला पाळीचं इचारायलीय," असं म्हणत दारापर्यंत गेल्या. मागून ती शांतपणे म्हणाली, "बाई, रेक्टरला खोटं सांगायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. डॉक्टरला पण नसतं सांगायचं." अक्का परत येऊन खुर्चीत बसल्या.

मग त्या पोरीनं समजावलं. पाळी जाते तेव्हा बाईच्या अंगातलं एक हार्मोन उतरतं. ते नुसतं पाळीपुरतं नसतं. त्यानं तोंड कोरडं पडतं, हिरड्या नाजूक होतात, हाडं विरळ होतात, आणि जबडा म्हणजे हाडच की. तिनं हिरड्या आतून साफ केल्या आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टरकडं पाठवलं. तिथं सगळ्या तपासण्या झाल्या आणि अंगाच्या वाफांसाठी हार्मोनची रोज एक गोळी सुरू झाली. तिसरी दाढ वाचली. अक्का तेव्हापासून ती दाढ देव पाहुण्यांना दाखवावा तशी दाखवतात. गोळीनंच सगळं झालं असं मात्र त्या कुणाला म्हणू देत नाहीत. "गोळी गोळीच्या जागी, ब्रश ब्रशच्या जागी."

माझ्या मुलीच्या साखरपुड्याचं सांगते. लातूरचं कार्यालय, माणसं गच्च. विहीणबाई नुकत्या येऊन टेकल्या होत्या, हातात सरबत. अक्का शेजारी जाऊन बसल्या. मी लांबून बॅटरी पेटलेली पाहिली आणि माझी पाचावर धारण बसली. पोहोचेपर्यंत प्रश्न विचारून झाला होता. विहीणबाई कुंकवासारख्या लाल. मी मनात म्हटलं, झालं, मोडली सोयरीक. जेवणं उरकल्यावर विहीणबाई मला शोधत आत भांड्यांच्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "त्या मघाच्या ताई कुठंयत हो? त्यांना सांगा, दोन वर्षं झाली." पुढचा तासभर दोघी भांड्यांच्या खोलीतच होत्या.

आमचे हे अशा वेळी घरात नसतात. घरातच असतात खरं तर, पण "पाळी" हा शब्द कानावर पडला की टाकी भरली का बघायला गच्चीवर जातात. अक्का आमच्याकडं राहायला आल्या की आमची टाकी एकदाही वाहून जात नाही.

गेल्या संक्रांतीला तर अक्कांनी माझ्या हळदीकुंकवात वाण म्हणून मऊ ब्रश वाटले. "कुंकू तू लाव, ब्रश मी देते," म्हणाल्या आणि दाराशी खुर्ची टाकून बसल्या. बाया तिळगूळ घ्यायच्या, ब्रश घ्यायच्या आणि जाता जाता तोंड दाखवायच्या. आमच्या गल्लीत त्याला आता रांगेचं हळदीकुंकू म्हणतात.

माझाही नंबर लागला. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिताना डिसेंबरात घामानं खडू ओला व्हायचा. पोरी खुसखुसायच्या, मी चिडायचे, घरी येऊन ह्यांच्यावर चिडायचे. खालचे पुढचे दात हलायला लागले तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही. वय झालं म्हणून गप बसले. अक्कांनी भाकरी मोडताना पकडलं. "आमटीत भिजवून का खायलीस? आ कर." दुसऱ्या दिवशी नांदेडच्या गाडीत होतो. खालच्या मजल्यावर हिरड्यांसाठी चार फेऱ्या झाल्या, दात राहिले. वरच्या डॉक्टरीणबाईंनी मला गोळ्या मात्र दिल्या नाहीत. माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता. त्या म्हणाल्या, ही गोळी सगळ्यांसाठी नसते, बाईगणिक विचार करावा लागतो, आपण दुसरं काहीतरी बघू. अक्का शेजारीच बसल्या होत्या, मान डोलवत. चारही फेऱ्यांना त्या सोबत आल्या. मला खाली खुर्चीत बसवून मधेच "वर जाऊन येते" म्हणायच्या. कशाला जाताय, हे मी कधी विचारलं नाही.

आता यंदाच्या येळवशीचं. वेळा अमावस्येला आमच्या भागात घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, आंबील असं पोट फुटेपर्यंत जेवायचं. रेणापूरजवळ आमचं शेत आहे. भावकीतल्या, शेजारच्या मिळून पंधरावीस बाया जमल्या होत्या. अक्कांसाठी म्हणजे पर्वणीच. दोघीतिघी तर आल्या आल्या चूळ भरून तयार होत्या.

अक्कांनी पर्स उघडलीच नाही. कोपीच्या सावलीत पाय पोटाशी घेऊन बसल्या. आंबिलीचा पेला समोर तसाच. एक बाई आपणहून म्हणाली, "अक्का, माझं बघता का?" तर म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे गं." ऊन असो, लग्न असो, मयत असो, अक्कांनी "राहू दे" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

हात धुवायच्या निमित्तानं त्यांना बोअरच्या पाइपाशी घेऊन गेले. "काय झालंय अक्का?"

"काय न्हाई."

"रेक्टरला फसवू नका."

मी सहज बोलून गेले. अक्कांचा चेहराच पडला. पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अंगावरून रगत जायलंय. पंधरा दिस झाले."

पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती. आणि आठ वर्षांनी असं झालं तर त्याचा अर्थ काय काय असू शकतो, हे गावभर सांगत फिरणाऱ्या त्याच. "पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी डॉक्टर गाठायचा," हे मी त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

"आणि तुम्ही पंधरा दिवस घरी बसलात?"

"मला वाटलं, माझंच चुकलं असंल. गोळ्यांचं."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. निलंग्यात अक्कांच्या शेजारी सरूबाई राहतात. शेती करणाऱ्या, हाताला विसावा नसलेल्या. त्यांच्याही अंगातून वाफा, त्यांच्याही हिरड्यांतून रक्त, त्यात दातांना तंबाखूची मिश्री लावायची सवय. अक्कांनी मिश्री सोडवली, पण नांदेडला काही नेता येईना. तूर निघू दे, मग ऊस जाऊ दे, असं करत वर्ष गेलं. दोघींची रोज वाटीची देवाणघेवाण. सरूबाईंकडून वाटीभर शेंगदाण्याची चटणी आली की अक्कांकडून त्याच वाटीत लोणचं जायचं. आमच्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. एके दिवशी वाटी आली तेव्हा अक्कांकडं घरात काहीच नव्हतं. लोणचं संपलेलं, साखरही तळाला गेलेली.

"म्हणून तुम्ही काय दिलंत?"

"चार गोळ्या टाकल्या."

मी कपाळाला हात लावला. एकदा दिल्यावर दर आठवड्याला जायला लागल्या. सरूला कमी पडू नये म्हणून अक्का स्वतः एक दिवसाआड घ्यायला लागल्या.

चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी अक्कांवर आवाज चढवला. "मला डॉक्टरीणबाईंनी गोळी नाकारली तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. सगळ्यांना चालत नाही म्हणाल्या त्या. ऐकलं होतं की नव्हतं?"

"ऐकलं होतं."

"मग?"

"वाटी रिकामी कशी द्यायची?" म्हणाल्या. तीस वर्षं शेकडो पोरींना शिस्त लावलेली बाई, आणि उत्तर हे. मग आवाज बारीक झाला. "मला असं व्हायलंय, तर तिकडं सरूला काय झालं असंल गं? इचारायचं धाडस न्हाई झालं मला. चार दिस तिच्या दारापुढून पण गेले न्हाई मी."

मी तिथूनच सरूबाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्याही शेतातच होत्या, मागं जेवणाचा गलका. म्हटलं, अक्कांनी दिलेल्या गोळ्या खाल्ल्या की काही त्रास होतो का?

"त्या गोळ्या व्हय?" सरूबाई म्हणाल्या. "त्या मिश्रीच्या रिकाम्या डबीत ठिवल्यात की. एक बी खाल्ली न्हाई. गोळी गिळायचं मला लई भ्या वाटतंय बाई. पण अक्कानं इतक्या मायेनं दिल्या, न्हाई कसं म्हणावं. अक्काला सांगू नका."

माझा जीव भांड्यात पडला. अक्का हसल्या, हसता हसता रडल्या, आणि मग म्हणाल्या, "डबी तरी रिकामी केली म्हणायची तिनं." पण निम्मं भय अजून तसंच होतं आणि ते त्यांच्या एकटीच्या वाट्याचं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी त्यांना नांदेडच्या गाडीत बसवलं.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीनं तोंडभरून स्वागत केलं. "या रेक्टरबाई. आज कुणाला घेऊन आलात?"

"मी त्यांना घेऊन आलेय," मी म्हटलं.

त्या मुलीनं अक्कांची फाइल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "यांच्यासोबत कुणी आलेलं मी पहिल्यांदाच बघतेय."

आम्ही बाकावर बसलो आणि मी फाइल चाळायला घेतली. दर भेटीचा एक कागद, आणि दर कागदावर वरच्या कोपऱ्यात एक ओळ, सोबतच्या नातेवाइकाचं नाव. तिथं अक्कांच्या गोल अक्षरात प्रत्येक वेळी "स्वतः" लिहिलेलं. माझ्या चार फेऱ्यांच्या तारखाही त्यात होत्या. त्या चारही दिवशी मी खालच्या मजल्यावर होते.

मला इतकी लाज वाटली की मी फाइल मिटून टाकली. या बाईनं निम्म्या जिल्ह्याच्या बायांना हाताला धरून इथवर आणलं, आणि मी तिची सख्खी भावजय, तिच्या येण्याला नाक मुरडत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, आतला नमुना घेतला आणि अक्कांची चांगली खरडपट्टी काढली. रोजची गोळी एक दिवसाआड घेतली की असं रक्त जाऊ शकतं, त्या म्हणाल्या, पण तेच कारण असेल असं धरून बसायचं नसतं, तपासायचंच असतं. आणि दुसऱ्याला गोळ्या वाटायच्या नाहीत, लोणच्याऐवजी तर नाहीच. अक्का खाली मान घालून ऐकत होत्या. वसतिगृहातली उशिरा आलेली पोर जशी उभी राहत असेल, तशा. नमुन्याचा रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता. कागदावर नातेवाइकाची सही पाहिजे होती. अक्कांनी सवयीनं पेन घेतलं, तर मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि सही केली.

बाहेर येऊन बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "मी जगाला म्हणते, लाजायचं काय त्यात. मी लाजले न्हाई गं सुनंदा. मला भ्या वाटलं. आन् भ्या वाटलं हे सांगायला कोण न्हवतं. पोराला फोनवर काय सांगू? भावाला सांगावं तर तो गच्चीवर जातोय."

"मी होते की."

"तू कुठं इचारलंस कधी?"

त्या रागानं बोलल्या नाहीत. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी गाडी लागेपर्यंत सोडला नाही.

ते आठ दिवस आम्ही दोघींनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. रिपोर्ट चांगला आला. गोळ्या पुन्हा नेमानं सुरू झाल्या आणि रक्त थांबलं. सरूबाई निलंग्यातच दातांच्या डॉक्टरकडं जाऊन हिरड्या साफ करून आल्या, सोबत अर्थात अक्का. बॅटरी पुन्हा पेटायला लागली आहे, आणि आमच्या ह्यांच्या गच्चीवरच्या फेऱ्याही सुरू झाल्यात. मी मधे एकदा जिन्यातच ह्यांना अडवलं आणि बहिणीची तब्येत कशी आहे ते तिला विचारा म्हटलं. त्यांनी विचारलं. अडखळत, टाकीकडं बघत, पण विचारलं.

परवा अक्कांचा फोन आला. आधी हवापाणी झालं, मग तुरीचं झालं. मग म्हणाल्या, "पुढल्या सोमवारी नांदेडची तारीख हाय. दाखवायलाच बोलावलंय निस्तं. तुला सुट्टी न्हाई मिळायची, मला ठाव हाय."

मी म्हटलं, "रजेचा अर्ज मागच्याच आठवड्यात दिलाय मी. सकाळच्या गाडीनं लातूरला उतरा, मी स्टँडवर उभी राहते."

अक्का म्हणाल्या, "मग दशम्या दोघींच्या करते."